ओल्या लुगड्यातली आई

"पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप हो!"

मराठी शाळेत चार इयत्ता काढलेल्या माणसाला हे वाक्य कुणाचं, हे विचारावं लागत नाही. पुस्तक न वाचलेल्यांनाही ते पाठ असतं. फळ्याच्या कोपऱ्यातल्या सुविचारात ते असतं, दिनदर्शिकेच्या पानावर असतं, मातृदिनाला फोनवर येणाऱ्या चित्रांत निरांजनाच्या ज्योतीशेजारी असतं. २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, वक्तृत्व स्पर्धेत किमान निम्मी मुलं त्यानेच भाषण संपवतात. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत तर ते हात धुवायच्या नळांवर ऑइलपेंटने रंगवलेलं पाहिलं. खाली साबणाच्या वडीचं चित्र होतं. रंगवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्या भिंतीपुढे मी बराच वेळ उभी राहिले, कारण 'श्यामची आई'तल्या या वाक्याचं आपण काय करून ठेवलं आहे ते तिथे एका नजरेत दिसत होतं.

मी गावातल्या वाचनालयात शनिवारी मुलांबरोबर मोठ्याने वाचन करते. आळीपाळीने एकेकाने पान वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अशी पद्धत. 'श्यामची आई'त प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे; त्यातली सहावी रात्र वाचायला घेतली की दरवेळी एकच गोष्ट घडते. वाचणारं मूल त्या वाक्याशी आलं की सगळी मुलं एका सुरात ते म्हणून टाकतात, पाढा म्हणावा तसं. मग पुढचा परिच्छेद सुरू होतो आणि सगळे गप्प होतात. वाचणारं मूलही अडखळतं. 'बूट-पुसे' म्हणजे कोण, असं विचारतं. पुढचं कुणी ऐकलेलंच नसतं. मागचंही नसतं. तोंडपाठ आहे ते तेवढंच एक वाक्य, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे याचा पत्ता नाही. मला बोलायचं आहे ते या अलीकडच्या-पलीकडच्या मजकुराविषयी, कारण वाक्याचा जीव तिथे आहे.

सहाव्या रात्रीचं नाव 'थोर अश्रू'. श्याम आश्रमातल्या मित्रांना सांगतो आहे की लहानपणापासून त्याला दोन वेळा अंघोळ करायची सवय. संध्याकाळी खेळून आला की आई त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घाली. अशाच एका संध्याकाळी अंघोळ झाली आणि त्याने हट्ट धरला. तळवे ओले आहेत, तसेच खाली टेकले तर माती लागेल, म्हणून आईने तिचे ओचे धोंडीवर पसरायचे, त्यावर तो पाय ठेवणार, टिपणार आणि मग घरात उडी मारणार. आई म्हणते, हट्टी आहेस, एकेक खूळ कुठून शिकून येतोस कोण जाणे. आणि ओचे पसरते. तो पाय टिपतो, उडी मारतो, आत जातो.

ज्याने कोकणातलं मागीलदार पाहिलेलं नाही त्याला यातली अडचण चटकन कळणार नाही. गुरुजींचं पालगड हे दापोली तालुक्यातलं गाव. त्या बाजूची माती तांबडी आणि चिकट. माझ्या लहानपणीही आमच्याकडे परसात अंघोळीची धोंड होती, काळ्या दगडाची, एका अंगाला किंचित उतरती, वर्षानुवर्षं पाणी पडून गुळगुळीत झालेली. शेजारी चुलाणावर हंडा. अंघोळ झाली की धोंडीवरून पायरीपर्यंत चार पावलं मातीतून टाकावी लागत. ओल्या तळव्याला ती माती अशी धरते की बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसते आणि सारवलेल्या ओटीवर लाल पावलं उमटतात. मग पुन्हा पाय धुवा, पुन्हा तीच चार पावलं. माझी आजी नऊवारी नेसायची. चुलीपाशी, गोठ्यात, विहिरीवर, सगळीकडे तेच एक लुगडं दिवसभर अंगावर. त्याचे ओचे भिजले तर ते पोटऱ्यांना थंडगार चिकटत राहायचे आणि अंगावरच वाळायचे. संध्याकाळी भिजलं तर रात्रीपर्यंत. त्यामुळे श्यामचा हट्ट किरकोळ वाटला तरी त्याची किंमत कुणी मोजली, हे मला कळतं. गुरुजींनीही ते सोडलेलं नाही. आईचं लुगडं ओलं झालं याची मला पर्वाच नव्हती, असं श्याम सरळ सांगतो. तिला ते त्या वेळी बदलता थोडंच येणार होतं, असंही म्हणतो.

आणि आता मुख्य गोष्ट. ते प्रसिद्ध वाक्य धोंडीवर उच्चारलेलं नाही. हट्ट चालू असताना आई उपदेश करत नाही. आधी मनाला जप, मग ओचे पसरते, असा सौदाही करत नाही. मुलगा आत जाऊन देवाशी बसतो. थोड्या वेळाने ती निरांजन घेऊन येते आणि तेव्हा बोलते. म्हणजे हे वाक्य म्हणणाऱ्या बाईच्या अंगावर त्या क्षणी ओलं लुगडं आहे. मुलाचा हट्ट पुरवून झाला आहे, त्याच्या पायाला कणभर माती लागलेली नाही, त्याला हवं होतं ते सगळं मिळालं आहे. ती त्याच्या स्वच्छतेच्या आवडीला चूकही म्हणत नाही. हे जे तू इतक्या काळजीने केलंस ना, तशीच काळजी आणखी एका ठिकाणी घे, एवढंच सांगते. आणि पुढे म्हणते, "देवाला सांग, शुद्ध बुद्धी दे म्हणून!" हे शेवटचं वाक्य भिंतींवर बहुतेक वेळा येत नाही. ते गाळलं की उरलेलं वाक्य आज्ञेसारखं वाजतं. ते ठेवलं की कळतं, मन स्वच्छ ठेवणं आपल्या एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही, त्यासाठी मागावं लागतं, हे या आईला ठाऊक आहे.

आपण मुलांना हे वाक्य केव्हा ऐकवतो? काहीतरी बिघडलं की. खोटं बोलताना सापडला, कुणाची पेन्सिल ढापली, वर्गात शिवी दिली, की शिक्षक भिंतीकडे बोट दाखवतात. पुस्तकात श्यामने त्या संध्याकाळी काहीही वाईट केलेलं नाही. खेळून आलेला, न्हालेला, देवापाशी बसलेला पोरगा आहे तो. प्रेमाच्या भरात सांगितलेली गोष्ट आपण शिक्षेच्या वेळी वापरतो आणि मग मुलांना ती जड वाटते याचं नवल करतो.

पलीकडचा मजकूर तर मुलांसाठी नाहीच. "गड्यांनो" म्हणून श्याम वळतो तो मोठ्या माणसांकडे. अंगाला लावायला चंदनी साबण आहेत, कपड्यांना धोबी आहेत, बुटांना बूट-पुसे आहेत, आणि मनासाठी आपण कितीसे जपतो, असं तो विचारतो. देवळाला रंग देतो, पण देवाची वास्तपुस्तही घेत नाही, हे त्याच परिच्छेदातलं वाक्य. मला ते मूळ वाक्याहूनही मोठं वाटतं. ते कुठल्या भिंतीवर दिसत नाही. देवळाच्या भिंतीवर तर शक्यच नाही. साबणाचा उल्लेख वाचताना तुकोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत: "नाही निर्मळ जीवन । काय करील साबण ॥" गुरुजी ज्या घरात, ज्या गावात वाढले तिथे हे अभंग, ओव्या, आरत्या कानांवरून सतत जात असणार. आईचं बोलणं त्यामुळेच इतकं सोपं असूनही हलकं नाही. कीर्तनकाराने जे मंडपात सांगितलं असतं ते तिने निरांजन लावता लावता सांगितलं.

मग येतात ते अश्रू, ज्यांवरून प्रकरणाला नाव पडलं. कपडा नाही, अन्न नाही, परीक्षेत नापास झालो, घरचं कुणी गेलं, की सगळे रडतात. "मन मळले तर रडतो का कधी?" अजून आपलं मन निर्मळ नाही म्हणून रडणारा भाग्यवान विरळा, असे थोर अश्रू या जगात दिसत नाहीत, असं गुरुजी म्हणतात आणि शेवटी मीराबाईकडे जातात, जिने आसवांचं पाणी शिंपून प्रेमवेल वाढवली.

साने गुरुजींच्या लेखनाला 'रडकं' म्हणायची मराठीत जुनी रीत आहे. साहित्याची जाण असलेली माणसंही ते म्हणतात. मला ते पटत नाही, आणि याच पानामुळे पटत नाही. इथे रडण्याचा एवढा स्वच्छ हिशेब मांडला आहे की कशासाठी रडणं स्वाभाविक आणि कशासाठी रडणं दुर्मीळ, हे लिहिणाऱ्याला नेमकं माहीत आहे हे दिसतं. आपण त्याचं वाक्य घेतलं, भिंतीवर रंगवलं आणि ज्या अश्रूंतून ते आलं त्यांना हसलो. हे मला अन्यायाचं वाटतं.

हे पान कुठे लिहिलं गेलं, हेही लक्षात घ्यायला हवं. १९२४ ते १९३० गुरुजी अंमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते झाडत, अंथरुणं आवरत, कपडे धूत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनीच पुढे सांगितलं. नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली, आज 'गीता प्रवचने' म्हणून आपण वाचतो ती. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारीला त्यांनी आईच्या गोष्टी लिहायला घेतल्या आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हातावेगळ्या केल्या. पुस्तक १९३५ साली आलं. गुरुजींच्या आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या, तेव्हा ते शिकायला बाहेर होते. शेवटची भेट झाली नाही. तेहतिशीतला माणूस, दिवसभर तुरुंगातली कामं, आणि हातात सोळा वर्षं साठलेली आई. ओल्या लुगड्यासारखी बारीकसारीक गोष्ट अशा वेळी कशी आठवत असेल? मला वाटतं, अंमळनेरला दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे पिळताना ती अनेकदा आठवून झाली असावी.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी चित्रपट काढला आणि मग हे वाक्य पुस्तकाच्या बाहेर पडलं. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिलं पदक या मराठी चित्रपटाला मिळालं. ज्या घरांत पुस्तक पोचलं नव्हतं तिथे तंबूतल्या थिएटरातून, पुढे दूरदर्शनवरून ही आई पोचली. साने गुरुजी कथामालेने गावोगाव गोष्टी सांगितल्या, पाठ्यपुस्तकांत उतारे आले. प्रसिद्धीची एवढी कारणं सांगता येतात. पण हेच वाक्य का टिकलं, पुस्तकातली दुसरी शेकडो वाक्यं का नाही, याचं उत्तर मला त्याच्या बांधणीत दिसतं. पहिला अर्धा भाग सहा वर्षांच्या मुलाला कळतो, कारण पाय त्याचा आहे आणि माती कालच लागलेली आहे. दुसरा अर्धा भाग साठीतल्या माणसालाही पुरा कळत नाही. आणि शेवटी तो 'हो' आहे, ज्याने सगळा उपदेश लाडात विरघळतो. आमच्याकडे आजीच्या तोंडी हा 'हो' दिवसातून पन्नासदा यायचा. जपून जा हो. वेळेत ये हो.

अलीकडे तरुण वाचक, त्यातही मुली, या पुस्तकावर एक आक्षेप घेतात. आईने किती म्हणून सोसायचं? मुलाच्या लहरीसाठी तिनेच का भिजायचं, आणि आपण त्याच्या आरत्या का ओवाळायच्या? आक्षेप खरा आहे आणि तो थोर पुस्तक म्हणून दडपून टाकू नये. एवढंच म्हणेन की हा प्रश्न पुस्तकाला सुचलेला आहे. 'मला पर्वाच नव्हती' हे मोठा झालेला श्याम मान खाली घालून सांगतो आहे. सोसणाऱ्या आईचं गाणं गाणारा मुलगा स्वतः पुढे काय करतो, हे पाहायला हवं. तो मुलांच्या खोल्या झाडतो. जे काम बायकांनी करायचं म्हणून सोडून दिलं जातं ते तो अंगावर घेतो. आईचे ओचे भिजवल्याची फेड याहून वेगळी कशी करायची असते, मला माहीत नाही.

शेवटी सोवळ्याकडे यावंच लागतं, कारण हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलं त्या घरात शुद्धी म्हणजे अंघोळ, धूतवस्त्र, कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, हेच होतं. त्या घरात एक बाई म्हणते की पायाइतकंच मनाला जप. ती सोवळं मोडत नाही. पंचविसाव्या रात्री, 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका म्हातारीची मोळी खाली पडलेली असते आणि कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन अंघोळ कर. पहिला भाग त्या काळच्या मानाने धाडसाचा आहे. दुसरा भाग आज वाचताना बोचतो, बोचायलाच हवा. मुलांबरोबर वाचताना मी तिथे थांबते. एका मुलीने विचारलं होतं, मग ती म्हातारी घरी जाऊन अंघोळ करायची का, श्यामला शिवली म्हणून? वाचनालयात बराच वेळ त्यावर बोलणं झालं.

सहाशे-सातशे वर्षांपूर्वी संत चोखोबांच्या घरात त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी याच प्रश्नाचा तुकडा पाडला होता. "देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥" यशोदाबाईंनी मनाची घाण आणि पायाची घाण शेजारी-शेजारी ठेवली. सोयराबाई विचारतात, पायाच्या घाणीला तुम्ही विटाळ म्हणता तरी कशाच्या जोरावर? ज्यांना त्या घाणीचं नाव चिकटवलं गेलं होतं त्यांच्यातून आलेला हा प्रश्न आहे. म्हणून तो जास्त धारदार आहे, आणि भिंतींवर जास्त विरळा.

गुरुजी या प्रश्नापर्यंत पोचले. १९४७ साली, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना, त्यांनी पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १ मे रोजी उपोषण सुरू केलं. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवून झालं होतं. १० मे रोजी उपोषण सुटलं, दार उघडायचं कबूल झालं. ज्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, त्याच दारातून चोखोबांची माणसं आत जाणार होती. पालगडच्या परसातली अंघोळ आणि पंढरपूरचं उपोषण यांत तीसहून अधिक वर्षांचं अंतर आहे, पण मला ती एकाच वाक्याची दोन टोकं वाटतात. आईने सांगितलं होतं, मोळी दे आणि अंघोळ कर. मुलाने त्यातली अंघोळ काढून टाकली. तिच्या सांगण्यापुढे जाऊन त्याने तिचंच म्हणणं खरं केलं. 'मनाला घाण लागू नये म्हणूनही जप' याचा त्याने लावलेला अर्थ असा होता, आणि त्यासाठी त्याने दहा दिवस अन्न सोडलं.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकबाईंशी नंतर बोलणं झालं. नळांवरचं वाक्य पुसा, असं मी म्हटलं नाही. २४ डिसेंबरला भाषणं ठेवण्याऐवजी सहावी आणि पंचविसावी रात्र पूर्ण वाचून घेऊया का, असं विचारलं. मुलं दमतील, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मधे प्रश्न विचारायला मुभा ठेवू. मोळीवाल्या म्हातारीचा प्रश्न मी त्यांना सांगितला. त्यांनी तो डायरीत लिहून घेतला आणि पाचवी ते सातवीचे वर्ग एकत्र बसवायचं ठरवलं.